पोवळ्यांची वर्गणी

मालवण
२८ नोव्हेंबर १९८२

प्रिय इंदूवहिनी,

नमस्कार आधीच करून टाकतो, कारण पुढे मागणं आहे आणि मागताना माणूस वाकलेला बरा दिसतो. दिवाळीचं पाकीट मिळालं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तुम्ही आपला जिल्हा अजून कुलाबाच लिहिता. रायगड होऊन दोन वर्षं होत आली, वहिनी! आमचा पोस्टमन विचारत होता, तुमच्या घरी कॅलेंडर आहे की नाही.

आता मागणं. तुमच्या मंगळसूत्रात मधे जे लाल पोवळं आहे, त्याचे भाऊबंद इथे जिवंत आहेत. कॉलेजात मी पोरांना प्राणिशास्त्र शिकवतो, त्यात ह्याचं चित्र असतं. पण किल्ल्याच्या मागच्या अंगाला पाण्याखाली एक अख्खा खडक आहे तो मुळात खडकच नाही. मुंगीपेक्षा लहान जीवांनी बांधलेलं ते घर आहे. बोटभर वाढायला त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. त्याच्या फटींत मासळी अंडी घालते, पिल्लं मोठी होतात. मी तिथे बुडी मारतो तेव्हा परत वर यावंसं वाटत नाही.

तो खडक मोडत चालला आहे. होड्यांचे नांगर त्याच्यावर पडतात. कोणी मासळीसाठी सुरुंगाची कांडी टाकतं. चुन्याच्या भट्टीवाले पहारीने तोडून नेतात. मी, कान्हा नावाचा एक होडीवाला आणि निवृत्त पोस्टमास्तर अशा तिघांनी मिळून समिती काढली आहे. खडकाभोवती पिंपं तरंगती बांधायची, म्हणजे तिथे कोणी नांगर टाकणार नाही. कान्हाच्या होडीतून हंगामभर राखण करायची. काचेच्या तळाचा एक डबा केला आहे, तो पाण्यावर धरला की खालचं सगळं दिसतं. तो लोकांना दाखवायचा. ह्या सगळ्याला पैसे लागतात आणि इथले लोक म्हणतात, मास्तर, दगडांसाठी वर्गणी कसली काढता?

तुमचं महिला मंडळ मनावर घेईल का? दादाला मात्र इतक्यात सांगू नका. म्हणेल, एवढा शिकवला तो दगड राखायला. दादा बॉयलरवरच आहे ना अजून? खोकला कसा आहे त्याचा?

तुमचा
हिरामण

वडाची वाडी, ता. खालापूर
१९ डिसेंबर १९८२

हिरामण भावोजी,

वाकून मागितलंत म्हणून लिहिते, नाहीतर दिवाळीला तोंड न दाखवणाऱ्या दिराला मी साधं कार्डसुद्धा टाकणार नव्हते.

तुमचं पत्र मंडळात वाचून दाखवलं. मुंगीएवढे जीव घर बांधतात हे बायकांना फार आवडलं. सुरुंगाचं ऐकून जनाने तर शिव्याच घातल्या. मी सांगितलं, पोवळी संपत चालली आहेत, आपण हातभार लावायचा, येत्या शनिवारी ज्याला जे जमेल ते आणा.

काल शनिवार झाला. पैसे चौघींनी आणले. बाकीच्यांनी काय आणलं असेल? पोवळी! गळ्यातली, नथीतली, आईच्या मोडक्या माळेतली. एकेक मणी कागदाच्या पुडीत बांधून. त्यांना वाटलं, समुद्रातली पोवळी संपत आली तर आपल्याकडची नेऊन सोडायची. शेवटच्या घरातल्या गौराबाईने सासूने घातलेली माळ कापून दोऱ्यासकट पोवळं आणलं. म्हणाली, "मी काय आता मिरवनार हाय व्हय? तिथं सोड म्हनावं हिरूला. एकाची दोन व्हतील." असं नसतं हे मी सांगणार होते, पण पुडी घेतली आणि डब्यात ठेवली. सतरा पोवळी आहेत. पुड्यांवर नावं घालून ठेवली आहेत. आता काय करू ते तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेले.

जाताना गौराबाई म्हणाली, "आपल्या नदीतली शिंगटी गेली, मरळ गेली, तवा नाय कोनी वर्गनी काढली." सगळ्या हसल्या. मीही हसले.

तुमचे दादा बरे आहेत. खोकला आहे तसाच आहे. बॉयलरची धग सोसेना म्हणून कारखान्यात दुसरीकडे घातलं आहे. सावलीचं काम आहे. काळजी करू नका.

इंदू

मालवण
६ जानेवारी १९८३

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र वाचून आधी खूप हसलो. मग पुन्हा वाचलं तेव्हा हसू येईना. गळ्यातलं काढून देणारी माणसं मी इथे एकही पाहिली नाही.

खरं सांगायचं तर दागिन्यातलं लाल पोवळं आपल्या समुद्रातलं नसतंच, फार लांबून येतं. आणि एकदा मेलेलं पोवळं पुन्हा जिवंत होत नाही. पण हे तुम्ही सांगू नका. मी येतोय, मीच सांगेन. रविवारी, १३ फेब्रुवारीला, शाळेचा मोठा वर्ग मिळवून ठेवा. पडदा म्हणून पांढरं धोतर चालेल. कर्जतच्या एका मास्तरांकडे स्लाइड दाखवायचं यंत्र आहे, ते आणतो. वाडी पहिल्यांदाच समुद्राचा तळ बघेल.

गौराबाईचं नदीचं बोलणं मात्र डोक्यातून जात नाही. मी एवढा समुद्राच्या नावाने गळा काढतो आणि ज्या नदीत पोहायला शिकलो तिच्यात मासळी उरली नाही हे मला ठाऊक नाही? लाज वाटली. पाताळगंगा शेवटी खाडीलाच मिळते, खाडी समुद्राला. तेव्हा भाषणात नदीवरही बोलणार. पाणी कुठल्या नळातून येतं, कोणत्या रंगाचं येतं, किती वाजता सोडतात, कोण सोडतं, सगळं लिहून पाठवा. दादा कारखान्यातच आहे, त्याला सगळं माहीत असेल.

हिरामण

वडाची वाडी
१८ जानेवारी १९८३

हिरामण भावोजी,

शाळा मिळाली. धोतर बुधाजीअण्णांकडून घेते, त्यांचं मोठं आहे.

एक सांगते, ते ऐका. नदीचं काढू नका. समुद्राचं बोलायला येताय, समुद्राचंच बोला. बायका पोवळ्यांसाठी येणार आहेत, चित्रं बघायला येणार आहेत. मधेच नदी कशाला? गावातली निम्मी घरं त्या रंगाच्या कारखान्यावर जेवतात. उगाच कोणाच्या ताटात माती नको.

तुमच्या दादांना मी काही विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. दमून येतात.

येताना मच्छी आणू नका, एसटीत वास सुटतो. तुम्ही या, तेवढं पुरे.

इंदू

मालवण
१७ फेब्रुवारी १९८३

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचलो.

तुमचं ऐकलं नाही, रागावू नका. मला कळत होतं, तुम्हाला कारखान्याची भीती वाटते. पण भीतीने गप्प बसलो तर मग मी शिकलो कशाला? सकाळी वाडीतल्या पोपटबरोबर नदीवर गेलो होतो. त्याने झाडीतला तो नळ दाखवला. खालचे दगड जांभळे झाले आहेत, वहिनी. पोपट म्हणाला, आत टाकी आहे, दिवस मावळला की चाक फिरवून सोडतात. कोण फिरवतं म्हणून विचारलं तर म्हणाला, "असंल कोनतरी."

म्हणून मी ते वाक्य बोललो. आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आलं. "ते चाक आपोआप फिरत नाही. कुणाचा तरी हात ते फिरवतो. आपल्याच शेतातला भात खाणारा हात! त्या हाताला एकदा विचारा, रात्री घास कसा उतरतो." तुम्ही पाहिलंत ना? सगळीच्या सगळी डोकी मागे वळली. मागच्या खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते, तिच्याकडे बघत असणार. आजवर कुठल्या भाषणाला मला असा परिणाम मिळाला नाही.

झोळीत पुष्कळ जमलं. गौराबाईला मणी जिवंत होत नाही हे सांगायचं धैर्य मात्र झालं नाही. दादा मागच्या बाकावर होता असं जना म्हणाली, पण भाषणानंतर भेटला नाही. न जेवता पाळीला गेला वाटतं. त्याला भाषण आवडलं का? एवढं मात्र विचारून कळवा. शिकवलेलं फुकट गेलं नाही असं त्याला वाटलं तर मला बाकी काही नको.

हिरामण

वडाची वाडी
२ मार्च १९८३

भावोजी,

चार वेळा लिहायला बसले आणि उठले.

खिडकीतून चिमणी दिसते, पण त्या दिवशी कोणी चिमणीकडे बघत नव्हतं. मागच्या बाकावर तुमचे दादा बसले होते. ते चाक तेच फिरवतात. तीन वर्षं झाली.

तुम्ही मुंबईला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतात. बॉयलरच्या पगारात तुमचं हॉस्टेल आणि फी भागेना. टाकीवर कोणी टिकत नव्हतं, डोळे जळतात, वास जात नाही. म्हणून तिथे जादा भत्ता होता. वासाचे पैसे म्हणतात त्याला. ह्यांनी स्वतःहून ते काम मागून घेतलं. मला म्हणाले, "हिरूला बोलायचं नाय. त्याला बॉयलरच सांग." तुम्ही सुटीला यायचात तेव्हा हे दोनदा साबणाने अंघोळ करून मग ओट्यावर यायचे. धग सोसेना वगैरे मी लिहिलं ते खोटं होतं. नदीचं काढू नका म्हणून लिहिलं ते ह्यासाठी होतं. कारखान्याला मी भीत नाही.

गावाला ठाऊक नव्हतं असंही नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोणी बोललं नव्हतं आणि बोलेपर्यंत चाललं होतं. तुम्ही बोललात.

आता पुढचं ऐका. रविवारी पोपटच्या मुलीचं लग्न झालं. वाडीतल्या लग्नात भाताचे हंडे कोण बघतं ते तुम्हाला सांगायला नको. झाकण उचलून, एक शीत दाबून, "उतरवा" म्हणायचं ते तुमच्या दादांनीच. वीस वर्षं हा मान त्यांचा. पहाटे उठून, धुतलेली बंडी घालून गेले. चुलवणापाशी पोचले तर तिथे बुधाजीअण्णा उभे. म्हणाले, "आबाजी, तू बस रं आज. दमलास. पोरं बगतील." पोरांना भात कळत नाही. खालचा करपला. तरी कोणी ह्यांना बोलावलं नाही. त्या हाताचा भात नको होता त्यांना. हे मांडवाच्या खांबाला टेकून बसले आणि पंगत उठायच्या आधी घरी आले.

बायका पोवळी परत घेऊन गेल्या. पुड्यांवर नावं घातली होती ती कामाला आली. गौराबाई तेवढी आली नाही.

भाषण आवडलं का विचारलंत. मी विचारलं. म्हणाले, "बोलतो चांगला."

इंदू

मालवण
९ मार्च १९८३

वहिनी,

सोबतच्या बंद पाकिटात दादाला पत्र आहे. त्यात फक्त माफी आहे, दुसरं काही लिहिता आलं नाही. त्याला द्या.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी. तुम्ही माझ्यापासून लपवलंत ते माझ्या भल्यासाठी. मी तुमच्यापासून लपवलं त्याला तसलं काही कारण नाही.

खडक मेला आहे, वहिनी.

पावसाळा संपून दिवाळीत पाणी निवळलं तेव्हा मी पहिली बुडी मारली. निम्मा खडक पांढरा पडला होता. वरच्या डोंगरातल्या खाणींची माती पावसाने वाहून त्याच्यावर बसली होती. नांगर, सुरुंग, पहार, हे होतंच, पण मारलं त्याला मातीने. एक कोपरा तेवढा रंग धरून होता. त्या कोपऱ्याच्या जोरावर मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं. वाटलं, पिंपं बांधू, राखण करू, बाकीचा सावरेल. भाषणाला निघण्याआधी चार दिवस पुन्हा बुडी मारली. तोही कोपरा गेला होता. ओल्या राखेसारखा थर होता सगळीकडे.

तुम्ही धोतरावर जे रंग पाहिलेत ते दोन वर्षांपूर्वी काढलेले फोटो होते. यायचं रद्द करावं असं मनात आलं होतं. पण वर्ग ठरला होता, यंत्र मागितलं होतं, आणि मेलेल्यासाठी कोणी वर्गणी देत नाही हे मला माहीत होतं. म्हणून आलो आणि जिवंत आहे म्हणून बोललो. बोलताना तोल गेला आणि जो हात मला दिसत नव्हता त्याच्यावर सगळं टाकून मोकळा झालो. एका मेलेल्या खडकासाठी दादाला गावातून उठवलं मी. हे त्याला सांगायची माझी छाती नाही.

हिरामण

वडाची वाडी
२४ एप्रिल १९८३

भावोजी,

तुमचं माझ्या नावाचं पत्र वाचून चुलीत घातलं. ह्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्या नावाचं त्यांनी एकदा वाचलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं. बंडी धुवायला टाकताना काढतात आणि पुन्हा ठेवतात.

आता इथलं सांगते. पाडव्यानंतरच्या सोमवारी टाकी भरली तरी ह्यांनी चाक फिरवलं नाही. साहेब ओरडत आला. "वाल जाम झालाय का?" हे म्हणाले, "नाय. मी फिरवत नाय." दोन्ही हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसून राहिले. त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. हिशोब करून टाकला.

पाणी थांबलं असं समजू नका. तासाभरात आपल्या आळीतल्या सखाला तिथे उभं केलं. ते चाक आधी अर्धा फेरा उलटं घ्यावं लागतं, तरच सुटतं. सखाला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारायला आपल्या घरी आला, मान खाली घालून. ह्यांनी त्याला अंगणात काठीने आखून दाखवलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "सांगितलंत कशाला?" तर म्हणाले, "हात मोडंल त्याचा. पोरगी लगनाची हाय."

काम सोडलं म्हणून गाव जवळ आलं का? नाही. बुधाजीअण्णा पारावर म्हणाले, "सोडायचं व्हतं त तीन वरसांआधी सोडायचं." परवा दोन लग्नं झाली. दोन्हीकडे आम्ही जेवून आलो, इतरांसारखे.

रोज तिन्हीसांजेला हे ओट्यावर बसतात आणि मला विचारतात, "हिरूचं कसं चाललंय? वाचतोय का त्याचा खडक?" काय सांगू? सांगते, वाचतोय. मग जरा बरं दिसतं त्यांचं तोंड. एवढं सगळं गेलं, निदान कशासाठी तरी गेलं असं त्यांना वाटतं. तेही काढून घेऊ का त्यांच्याकडून? तुम्हीसुद्धा हेच लिहा. माझी शपथ आहे.

इंदू

(मनिऑर्डरच्या कुपनावर)

२१ मे १९८३
हिरू, हे पैशे खडकाला. राखन बंद करू नको. माजं काम सुटलं त्याचं मनाला लावून घेऊ नको. पाऊस सरला की इंदूला घेऊन येतो. ते काचेच्या डब्यातून दाव मला. समुद्र कदी बगितला नाय आतून. — आबाजी

मालवण
३० मे १९८३

प्रिय दादा,

मनिऑर्डर पोचली.

खडक छान आहे. पिंपं बांधली. कान्हा रोज फेरी मारतो. निळी, पिवळी बारकी मासळी एवढी आहे की डब्याची काच भरून जाते. चुनावाले आता तिकडे फिरकत नाहीत. हे सगळं तुझ्यामुळे.

तू येतो म्हणालास त्याने फार बरं वाटलं. पण दादा, एवढ्यात येऊ नकोस. पाऊस संपला तरी पाणी लगेच निवळत नाही. मग कॉलेजच्या परीक्षा असतात. शिवाय माझी खोली लहान आहे, वहिनींची गैरसोय होईल. आणि समितीची मोठी माणसं असतात, येणं-जाणं असतं, मला तुझ्याकडे बघायला वेळ होणार नाही. पुढच्या वर्षी बघू. मी कळवेन तेव्हाच निघ.

तुझा
हिरू

वडाची वाडी
९ जून १९८३

भावोजी,

तुमचं पत्र मी वाचायच्या आधी त्यांनी वाचलं. ओट्यावर बसून, बोट ठेवत ठेवत. मासळीच्या ओळी मला मोठ्याने वाचून दाखवल्या. मग पुढचं मनात वाचलं. घडी घातली.

म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. मोठी मानसं असतील तिथं. मला कशाला न्यायचं."

मी म्हटलं, तसं नाही हो. म्हणाले, "तसंच हाय. बुधाजीनं बी, बस दमलास, म्हनून गोडच सांगितलं व्हतं."

त्या दिवसापासून ते मला तिन्हीसांजेला काही विचारत नाहीत. खोकतात आणि नदीकडे बघत बसतात. गावाने टाळलं तेव्हा जेवत तरी होते. आता अर्धी भाकरी ताटात राहते.

शपथ मी घातली होती, ती मीच मोडते. खडक मेला हे सांगितलं तर सगळं फुकट गेलं असं त्यांना वाटेल. नाही सांगितलं तर भावाला आपली लाज वाटते असं धरून बसतील, आणि ते धरून ते फार दिवस काढतील असं मला दिसत नाही. मी सांगणार नाही. माझ्या तोंडून ऐकायचं नाही त्यांना. तुम्ही लिहा.

इंदू

मालवण
१४ जून १९८३

दादा,

मागच्या पत्रात मी लिहिलं ते सगळं खोटं आहे. येऊ नकोस हे तर सगळ्यात खोटं.

खडक मेला आहे. मासळी नाही, रंग नाही. दिवाळीत निम्मा मेला होता, भाषणाच्या आधी पुरा मेला. तुला मागच्या बाकावर बसवून मी जे बोललो ते सगळं मेलेल्या खडकावर उभं राहून बोललो. तू काम सोडलंस तेव्हाही तो मेलेलाच होता. तू पैसे पाठवलेस तेव्हाही. ते पैसे तसेच ठेवले आहेत, एकालाही हात लावलेला नाही. लोकांनी झोळीत टाकले तेही ज्याचे त्याला परत करीन. गावात येऊन, उभा राहून, सांगून परत करीन.

तू आलास तर तुला काय दाखवू ह्या भीतीने मी तुला येऊ नको म्हटलं. लाज वाटली ती माझी मला. तुझी नाही, दादा. तू ते काम का घेतलंस ते मला वहिनींनी सांगितलं आहे. मी पुस्तक उघडतो तेव्हा मला आता तेच दिसतं.

इथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून ये असंही म्हणवत नाही. कान्हा म्हणतो, मास्तर, आता कशाला बुडी मारता, काय राहिलंय तिथे? तरी मी जातो. डबा घेऊन बसतो आणि परत येतो.

मला रागाने लिही, पण लिही.

हिरू

वडाची वाडी
२२ जून १९८३

हिरू,

पत्र मीच वाचलं. दोनदा वाचलं.

राग हाय. नाय म्हनत नाय. इतकी मानसं बसली व्हती, त्यांना तू मेलेलं जितं म्हनून दावलंस. ते परत करायला येशील तवा मी तुज्या बाजूला उभा राहीन. पन आदी तुजं तू बोल.

तुला एक सांगतो, ते इंदूला बी सांगितलं नाय. नदी गेली तवा मी रोज तिथंच व्हतो. पैले शिंगटी उलटी हून वर आली. मंग बारकी मासळी. मंग काय येयाचंच बंद झालं. मी बगत व्हतो, चाक फिरवत व्हतो, घरी येऊन जेवत व्हतो. तीन वरसं कोनाला बोललो नाय. जवळचं कोन डोळ्यासमोर जातं आनी आपन एकलेच बगत बसतो, ते काय असतं ते मला म्हाईत हाय. तू दिवाळीपासून एकलाच बसलायस.

बगन्यासारखं काय नाय म्हनून येऊ नको म्हनतोस. आरं, आपल्यात लगनाला बोलवल्याबिगर जात नाय. मयताला कोन बोलावन्याची वाट बगतो काय? पाऊस हाय त असू दे. इंदूनं भाकरी बांधायला घेतल्यात. शनिवारच्या यष्टीनं निघतो.

आबाजी